धर्माजीच्या खांद्यावरचा दुसरा कामठा

धर्माजी पारधीला निघाला की खैराळ्यातल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. बाकीचे गडी कसे, तीर सोडायला एक बांबूचा कामठा, एक भाता, कमरेला कोयता आणि फडक्यात भाकर, झालं. हा बाबा मात्र सगळं दुहेरी घेऊन निघायचा. कामठ्याला अंबाडीच्या वाखाची दोरी चढवलेली, तशीच दुसरी कमरेला गुंडाळलेली, आणि तिसरी मुंडाशाच्या घडीत, कारण दंवानं कंबर भिजली तरी डोकं कोरडं राहतं म्हणे. तिरांची जादा पाती, मेणाचा गोळा, दोन सुऱ्या, भाकरीच्या शिदोऱ्याही दोन. पारधीचा म्होरक्या भागोजी त्याला दर खेपेला विचारायचा, की बाबा रे, डुकराच्या मागं चाललायस की बिऱ्हाड हलवतोयस? धर्माजी चिडायचा नाही. दोरी काय सांगून तुटते व्हय, एवढंच म्हणायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा.

हसणारेच पुढं रानात गेल्यावर त्याच्या नावानं हाका मारायचे, ते सोडा. कुणाची दोरी तुटली, कुणाचं पातं सैल झालं, की आधी धर्माजी. हे त्याच्या रक्तातच होतं. ऐन पंचविशीत तो एकदा रेवसहून लाँचनं मुंबईला गेला होता, गिरणीत लागला होता, पगारही बरा होता. वर्षभरात परत आला. का रे, विचारलं तर म्हणाला, तिथं काही तुटलं तर जोडायला दुसराच माणूस येतो, आपण नुसतं बघत उभं राहायचं. हे कारण ऐकून त्याच्या बायकोनं, राहीनं, कपाळावर हात मारून घेतला. राही जिभेची तिखट, पण नवऱ्यावर तिचा जीव होता.

खैराळं म्हणजे दिवेआगरच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांमागं डोंगर उठतात ना, त्यांच्या पलीकडच्या अंगाला वसलेलं पंचवीस-तीस कुणब्यांच्या घरांचं गाव. भात निघालं की शेतात वाल पेरायचा, आणि वाल फुलला की रानडुकरांनी येऊन तो उपसायचा, हे ठरलेलं. बंदूक होती ती एकट्या खोताकडं, आणि ती खोताच्या भिंतीवर गंजत पडलेली. तेव्हा माघ लागला की गावचे गडी तीरकामठे घेऊन रानात शिरायचे. निम्मे डबे बडवून जनावर उठवायला, म्हणजे हाका घालायला, निम्मे वाट अडवून बसायला. सन तीस-एकतीसपर्यंत तरी हे असंच चालू होतं.

आता त्या दुसऱ्या कामठ्याचं सांगतो, कारण धर्माजीचं सगळं ओझं एकीकडं आणि तो कामठा एकीकडं. धर्माजीच्या डाव्या खांद्यावर, दोरी चढवलेला, तीन तिरांची जुडी बांधलेला एक कामठा कायम असायचा. त्याला तो हातही लावायचा नाही. तो त्याच्या थोरल्या भावाचा, बाळाजीचा.

बाळाजी सात-आठ वर्षांमागं सांबरघळीत पारधीला गेला तो आलाच नाही. घळीत सकाळचं धुकं इतकं दाट होतं, की हाकेवाल्यांना आपले पाय दिसत नव्हते. धुकं उठलं तेव्हा ऐनाच्या झाडाला टेकवून ठेवलेला त्याचा कामठा मिळाला. दोरी चढवलेली, भाता भरलेला, बुंध्याशी पायताणं नीट जोडून ठेवलेली. रक्त नाही, ओरखडा नाही, झटापटीची खूण नाही. घरी शिरताना माणूस काढून ठेवतो तसं सगळं काढून ठेवून तो कुठंतरी आत गेला होता. महिनाभर शोधलं. हाड म्हणून हाती लागलं नाही.

अशा वेळची खैराळ्याची रीत होती. पारधीला गेलेला माणूस परतला नाही आणि त्याची मातीही मिळाली नाही, तर तो मेला असं धरायचं नाही, त्याची पारध अजून चालू आहे असं धरायचं. त्याचा कामठा घरच्या माणसानं दर पारधीला बरोबर न्यायचा. शिकारीत त्याचा वाटा काढायचा, घरी पोचवायचा. त्याच्या बायकोनं कुंकू लावायचं, बांगड्या भरायच्या. मात्र त्या कामठ्याची दोरी दुसऱ्या कुणाच्या हातानं ओढली गेली, की कामठा बेवारस झाला. मग दर्भाचा माणूस करून जाळायचा, दहावं-बारावं उरकायचं, आणि बाईचं कपाळ पुसायचं. कुणी म्हणेल काय हा खुळेपणा. म्हणू दे. ज्याच्या घरचं माणूस असं गेलंय त्याला विचारा.

बाळाजीची बायको रतन. तिनं हा सगळा संसार कामठ्याच्या जिवावर चालवला. दर दसऱ्याला स्वतःच्या हातानं वाख वळून नवी दोरी करायची, तिला मेण घासायची, बांबूला तेल पाजायची. वाटा आला की रांधून आधी एक पान त्याच्या नावानं वाढायची. बोलायची कमी. धर्माजी पारधीहून आला, की त्याच्या खांद्यावरून कामठा उतरवून घ्यायची आणि आत नेऊन ठेवायची, जणू दमून आलेल्या माणसाला बसायला पाट देतेय. राहीला हे बघवायचं नाही. ती नवऱ्याला फाडकन सांगायची, की भरल्या वयाची बाई लाकडाशी नांदवताय तुम्ही, तिला मोकळी करा, आपल्यात विधवेचा पाट लागतो, कुठं तरी सुखानं घर करील. धर्माजी ऐकून घ्यायचा आणि उठून गोठ्याकडं जायचा. वैनीचं कोरं कपाळ आपल्याच्यानं पाहवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर कपाळ कोरं झालं म्हणजे दादा मेला, हेही त्याला सोसणारं नव्हतं.

त्या कामठ्याच्या काही गोष्टी धर्माजीनं कुणालाच सांगितल्या नव्हत्या. एरवी तो हलका बांबू, पण सांबरघळीच्या तोंडाशी आलं, की खांद्यात रुतायला लागायचा. आणि दोरी. घरून निघताना रतननं ताणून चढवलेली दोरी घळ ओलांडून आलं, की सैल झालेली असायची, दिवसभर कुणीतरी ओढून ओढून सोडल्यासारखी. दंवानं होत असेल, असं तो मनाला समजवायचा. पण मग त्याची स्वतःची दोरी त्याच दंवात तशीच ताठ कशी राहायची? रांगेत तो शेवटचा असूनही मागून पाचोळा वाजायचा. हा थांबला की आवाज थांबायचा. तो वळून बघायचा नाही. हळूच म्हणायचा, चल दादा, लांब हाय अजून. असं म्हटलं की त्याची छाती जरा निवायची.

एकतीस सालच्या माघात डुकरांनी वालाची पार दैना केली. भागोजीनं पारध काढली ती नेमकी सांबरघळीत, कारण कळप तिथंच दडला होता. सकाळी घळीत उतरले तेव्हा धुकं असं, की हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. भागोजीनं सगळ्यांना जागा नेमून दिल्या. धर्माजी त्याच्यापासून दहा-बारा हातांवर, एका कातळाआड. वरून हाका सुरू झाला, डबे वाजले, कुत्री भुंकली, आणि मग खाली सगळं एकदम गप्प झालं.

त्या गप्पपणात धर्माजीच्या पाठीमागं कुणीतरी श्वास घेतला. एकदाच, लांबलचक. आणि तेवढ्यात समोरून मोडत-तोडत नर आला, आला तो सरळ भागोजीवरच. भागोजीचा तीर त्याच्या पुठ्ठ्यात रुतला, तसा तो पिसाळला. भागोजी मागं सरकताना मुळीत अडकून पालथा पडला. धर्माजीनं कामठा ओढला आणि दोरी काडकन तुटली. तीर कुठं गेला कोण जाणे. कमरेला दोरी होती, मुंडाशात दोरी होती, सुऱ्या दोन होत्या. पण कामठ्यावर दोरी चढवायला पाय रोवावा लागतो, दम धरावा लागतो, आणि डुक्कर भागोजीपासून चार पावलांवर होतं. जन्मभर वाहिलेलं सगळं ओझं अंगावर होतं आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

डाव्या खांद्यावर होता तो एकच.

विचार करायला वेळच कुठं होता? हात आपोआप गेला. कामठा हातात आला, जुडीतला तीर आला. दोरी ओढताना त्याला वाटलं होतं, सात-आठ वर्षं कुणी न वापरलेला बांबू कडकड करील, मोडेल. कसलं काय! रोजच्या वापरातला असावा तसा तो मऊ वाकला. तीर डुकराच्या बगलेत पिसांपर्यंत घुसला. ते भागोजीच्या पायांशी कोसळलं, दोनदा तंगड्या झाडल्या आणि निपचित झालं.

धर्माजीनं कामठा परत खांद्याला लावला, खाली टाकलेला आपला उचलला. तेही आपोआपच.

भागोजी धडपडत उठला तेव्हा त्यानं काय पाहिलं? मेलेलं डुक्कर. त्याच्या बगलेत लाल दोऱ्यानं बांधलेला तीर, आणि तसा दोरा सबंध गावात एकटा बाळाजी बांधायचा. आणि समोर धर्माजी, हातात तुटक्या दोरीचा कामठा घेऊन उभा. भागोजीनं त्या दोरीकडं पाहिलं, तिराकडं पाहिलं. विचारलं ते अगदी हळू, की कुणी मारला?

धर्माजीला रतनचं कपाळ दिसलं. कुंकू पुसायला हात पुढं झालेला दिसला.

"मी न्हाय," तो म्हणाला.

बस्स, एवढंच. दोन शब्द. दादानं मारला असंही तो म्हणाला नाही. ते बाकीच्यांनी आपसांत म्हटलं. गडी गोळा झाले, तिराला हात न लावता बघत राहिले. भागोजीनं घळीच्या दिशेनं हात जोडले. बाळाजीनं आपला जीव वाचवला, हे तो गावात शिरेपर्यंत प्रत्येक दाराशी थांबून सांगत होता, आणि सांगताना धाय मोकलून रडत होता. एवढ्या दांडग्या गड्याला रडताना पाहून गावाला दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही. धर्माजीच्या मुंडाशातल्या कोरड्या दोरीला हाताचा घाम लागला होता. तो सारखी ती चाचपत होता.

ज्याचा तीर लागला त्याच्या घरी डुकराची मुंडी पोचवायचा मान. मुंडी वाजतगाजत रतनच्या दाराशी आली. भागोजीनं तिला सगळं सांगितलं, तुटलेली दोरीसुद्धा दाखवली. तिनं ऐकलं आणि खांबाला धरून उभी राहिली. मग लोक गेल्यावर तिनं धर्माजीच्या खांद्यावरचा कामठा उतरवून घेतला आणि दोरीवरून बोट फिरवलं.

"भावजी, तुमी पायलंत त्यास्नी?"

इथं सांगता आलं असतं. घरात तिसरं माणूस नव्हतं. वैनी, घात झाला, मीच ओढला, गावाला सांगू नका, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तिच्या तोंडावर जे आलं होतं ते धर्माजीनं सात-आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. बाई एकदम पंचविशीची दिसत होती. ते पुसायची छाती त्याला झाली नाही.

"धुकं लई व्हतं, वैनी," तो म्हणाला.

त्या रात्री रतननं दोन पानं शेजारी शेजारी वाढली, एक त्याचं, एक आपलं. राहीनं पाहिलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, पण नेहमीसारखी तणतणली नाही. धर्माजी बरं झालं म्हणत आडवा झाला. वैनी सुखी, भागोजी जिता, कुणाचं काही बिघडलं नाही, असं तो स्वतःला समजावत राहिला.

सकाळी राही धावत आली. रतनचं दार उघडं, चुलीला पोतेरं फिरवलेलं, कोपऱ्यातली बाळाजीची घोंगडी नाही, शिंक्यातल्या भाकरी नाहीत. कामठा मात्र दाराला टेकवून ठेवलेला. उंबऱ्याबाहेर तिची पायताणं, टाचेला टाच लावून जोडलेली.

धर्माजीनं जाऊन ती पायताणं बघितली. तो तसाच भागोजीकडं पळाला. माणसं काढ, म्हणाला, वैनी घळीत गेली, अजून लांब गेली नसेल. भागोजी ओटीवर तंबाखू मळत बसला होता. तो घाबरला नाही, उठलासुद्धा नाही. त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. कुणाला शोधायचं, म्हणाला, नवऱ्यानं बोलावलं, बायको गेली. आपण मधे गेलो तर त्याला राग येईल. इतकी वर्षं थांबली बिचारी.

तेव्हा धर्माजीनं त्याचे पाय धरले.

"भागोजी, तीर मी मारला. दादाचा कामठा मीच ओढला. तिथं कुणी न्हाय रे, ती एकटी हाय."

भागोजीनं त्याला उठवलं, जवळ घेतलं. पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "मी माज्या डोल्यांनी पायलं, तुजी दोरी तुटलेली," तो म्हणाला. "वैनीसाठी खोटं बोलू नको." गावातले आणखी चौघे-पाच जमले होते. धर्माजीनं एकेकाला सांगितलं, शपथा घेतल्या, दोरी ओढून काचलेलं बोट दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण एकही जण जागचा हलला नाही.

मग तो एकटाच निघाला. आयुष्यात पहिल्यांदा काहीही बरोबर न घेता, अनवाणी. घळीच्या तोंडाशी पोचला तेव्हा उन्हं वर यायला हवी होती, पण धुकं तसंच होतं, उलट कालच्यापेक्षा दाट. कातळ हातानं चाचपत तो कालच्या जागेपर्यंत गेला. पुढं कडा होता. त्यानं हाक मारली, वैनी, अशी. काही नाही. पानावरून थेंब पडायचा तेवढाच आवाज. पुन्हा मारली, घसा फुटेपर्यंत मारली.

आणि खालून ओ आली.

"अवो... हय हाय मी. आले."

रतनचा आवाज. पण धर्माजीला ती अवो कधी म्हणत नव्हती. दोघा भावांचा आवाज एकसारखा, हे अख्खं गाव म्हणायचं. काकणं वाजली. ती चढून येत होती, घाईघाईनं, आणि चढताना बारीक हसत होती. धर्माजीला वाटलं, गप्प राहावं. येऊ दे अशीच वर. हाताला धरावी, ओढून घरी न्यावी, मग काय ते सांगू. पण कालही त्यानं असंच केलं होतं, आणि त्यातूनच हे सगळं झालं होतं. काकणं अगदी जवळ आली. आणखी चार हात, आणि त्यानं बांध फोडावा तसं सगळं सोडलं.

"वैनी, मी धर्मा हाय. दादा न्हाय हितं. डुक्कर मी मारला, मी खोटं बोललो. घरी चला."

काकणं थांबली. धुक्यात तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, रागानं नाही, रडून नाही, साधंच विचारलं तिनं.

"तर मंग भावजी, सकालधरनं पल्याडनं मला ओ कोन देतंय?"

धर्माजीनं हात पुढं केला, धुक्यात फिरवला. हाताला नुसता गारवा लागला. काकणं वाजली ती खालच्या बाजूला, मग पलीकडं, मग आणखी पलीकडं, सावकाश, वाट माहीत असलेल्या माणसासारखी. तो वैनी वैनी ओरडत पालथा पडून सरपटत कड्यापर्यंत गेला. पलीकडून कुणी ओ दिली का, हे त्याला सगळ्यांनी पुढं विचारलं. त्यानं दोन्ही कान दाबून धरले होते, एवढंच तो सांगायचा.

दुपारी धुकं उठलं. घळीत काही नव्हतं. धर्माजी पुढं महिनाभर एकटाच दोर बांधून खाली उतरत राहिला, राही वर दोर धरून बसायची. घोंगडीचा धागाही मिळाला नाही.

पुढं तो पंधरा-सोळा वर्षं जगला. पारधीला गेला नाही. भागोजी दर शिकारीचे दोन वाटे मात्र न चुकता पाठवायचा, एक बाळाजीचा, एक रतनचा. राही ते मुकाट्यानं परड्यात पुरून टाकायची. धर्माजी दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलवायचा, पाव्हणा असो की फेरीवाला, बसवून घ्यायचा आणि सांगायचा, की तीर मी मारला हो, वैनीला मी मारलं. ऐकणारा भला माणूस असला तर त्याचा हात हातात घ्यायचा, म्हणायचा, व्हय बाबा, व्हय. आणि उठून जाताना घळीच्या दिशेनं हात जोडायचा. खोटारडा म्हणून त्याला कुणी कधी एक शब्दही लावला नाही.